पंचेचाळीसच्या बंडातील बायका : प्रस्तावना

एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बिशप रॉबर्ट फोर्ब्ज यांची दहा हस्तलिखित बाडे जपून ठेवली आहेत. त्यांतल्या काहींच्या पुठ्ठ्यांना आतून कापडाचे तुकडे चिकटवलेले आहेत. एक तुकडा सुती झग्याचा आहे. जून १७४६ मध्ये राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट हाच झगा घालून, ‘बेटी बर्क’ नावाची आयरिश मोलकरीण बनून, फ्लोरा मॅकडोनाल्डच्या होडीतून स्काय बेटावर उतरला.

आपल्याकडे नुसते ‘सत्तावन’ म्हटले की पुरते, तसे स्कॉटलंडमध्ये ‘पंचेचाळीस’. १६८८ मध्ये गेलेली गादी स्टुअर्ट घराण्याला परत मिळवून देण्यासाठी त्याच्या पाठीराख्यांनी, म्हणजे जॅकोबाइटांनी, ऑगस्ट १७४५ मध्ये ग्लेनफिननला निशाण उभारले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभरात सारे संपले. फ्लोराची गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. तिच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे. पण फौज उभी राहत होती तेव्हाच्या बायका तिच्या प्रकाशात दिसेनाशा झाल्या.

उदाहरणार्थ, ॲन मॅकिंटॉश. नवरा कुळाचा प्रमुख आणि राजाच्या, म्हणजे जॅकोबाइटांच्या शत्रूच्या, सैन्यात कॅप्टन. विशीतल्या या बाईने त्याच्याच कुळातले काही शे लोक राजपुत्रासाठी गोळा केले. फेब्रुवारी १७४६ मध्ये मॉय येथील तिच्या घरी राजपुत्र मुक्कामाला असताना राजाच्या बाजूचा लॉर्ड लाउडन सुमारे दीड हजार शिपाई घेऊन रात्री चालून आला. ॲनच्या लोहाराने मूठभर सोबत्यांसह अंधारात असा काही गोंधळ उडवला की ते शिपाई माघारी पळाले. रणात मात्र तिची पलटण मॅकगिलिव्हरेच्या हुकमाखाली लढली; बाईला तो मान नव्हता. कलोडननंतर ॲनला इन्व्हर्नेसमध्ये काही आठवडे कैदेत ठेवले. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, म्हणजे जमीनजुमला वाचवण्याची घराण्याची खेळी, असे काही जण मानतात. मला ते पटत नाही. त्या तर्काने ॲनचा निर्णय पुन्हा नवऱ्याच्याच खात्यावर जमा होतो. अर्थात तिचा गौरव करताना एक विसरू नये: या बंडात कुळांना धाकदपटशाने फौजेत आणल्याचे दाखले विपुल आहेत. ज्या घरांतून ते पुरुष गेले, तिथेही बायका होत्याच.

या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने शत्रूची कागदपत्रे वाचायला शिकावे. जेनी कॅमेरॉन ग्लेनफिननला माणसे घेऊन आली, तर छापील पत्रकांनी तिला राजपुत्राची रखेल ठरवले. बदनामीसाठी एवढी शाई खर्ची पडावी, इतकी बायकांची दखल त्या काळी घेतली जात होती. कैदेत पडलेली जॅकोबाइट लेडी ऑगिल्व्ही परटिणीच्या वेशात एडिंबरोच्या किल्ल्यातून निसटली, हेही याच काळातले.

गरीब बायकांसाठी मात्र पत्रके नाहीत, कैद्यांच्या याद्या आहेत. १७४७ मध्ये ‘व्हेटरन’ जहाजातून सुमारे दीडशे कैदी वेस्ट इंडीजला हद्दपार होत होते. त्यांत बायकाही होत्या. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडले, मार्टिनिकला नेले आणि कैद्यांना मोकळे केले. हद्दपारीच्या याद्यांत बाईच्या नावापुढे कधी वय असते, कधी नुसते कसब: विणते, सूत कातते. वाचनाला सुरुवात करायचीच असेल, तर या ओळींपासून करा.