सल्ल्याचे मोल

इतिहास म्हटला की राजवंश, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. दुकानांनाही इतिहास असतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. वस्तुतः एखाद्या काळातील माणसे कशाची हौस बाळगत होती, कशासाठी पैसा साठवत होती आणि कोणावर विश्वास टाकत होती, हे जितके बाजारपेठेत कळते तितके दरबारात कळत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत इलेक्ट्रॉनिक उपकरणांची प्रचंड दालने उदयाला आली. शहराबाहेरील हमरस्त्यालगत, विस्तीर्ण वाहनतळाच्या कडेला, खिडक्या नसलेल्या खोक्यासारखी ती उभी असत. म्हणूनच त्यांना 'बिग बॉक्स' हे नाव पडले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-एकवीस वर्षांत त्यांतील बहुतेकांना टाळे लागले. 'इंटरनेटने दुकाने गिळली' असे त्याचे कारण एका वाक्यात सांगितले जाते. ते उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. 'सर्किट सिटी' या दुकानसाखळीची साठ वर्षांची कहाणी पाहिली म्हणजे ते किती अपुरे आहे याची कल्पना येते.

ही कहाणी एका न्हाव्याच्या दुकानात सुरू होते. सॅम्युएल वुर्टझेल नावाचे गृहस्थ प्रवासात असताना व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी केस कापण्यासाठी थांबले. दक्षिणेतील पहिले दूरचित्रवाणी केंद्र या शहरात सुरू होत असल्याची वार्ता न्हाव्याने बोलता बोलता त्यांना सांगितली. केंद्र येणार म्हणजे संच लागणार, हे वुर्टझेल यांनी ताडले. ते सहकुटुंब रिचमंडला येऊन राहिले आणि १९४९ साली त्यांनी टायरच्या एका दुकानाचा पुढचा भाग घेऊन आपला व्यवसाय थाटला. कुटुंबातील नावांची आद्याक्षरे जुळवून त्यांनी दुकानाला 'वॉर्ड्‌स' असे नाव दिले. वुर्टझेल हे आडनाव, त्यानंतर थोरला मुलगा ॲलन, पत्नी रूथ, दुसरा मुलगा डेव्हिड आणि शेवटी स्वतः सॅम्युएल.

त्या काळी दूरचित्रवाणी संच ही घरोघरी अपरिचित वस्तू होती. ती महाग होती आणि नाजूकही होती. अँटेना कोणत्या दिशेला वळवावा, चित्र हलू लागले तर कोणती कळ फिरवावी, हे सांगणारा माणूस गिऱ्हाइकाला हवा असे. म्हणजे असे दुकान प्रत्यक्षात दोन वस्तू विकत होते. एक संच आणि दुसरा सल्ला. संचावर किमतीची चिठ्ठी होती. सल्ल्यावर नव्हती. त्याचे मोल संचाच्या किमतीतच गुपचूप मिसळलेले असे. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली या चिठ्ठी नसलेल्या मालात आहे.

१९७०च्या दशकाच्या आरंभी कंपनी डबघाईला आली असता ॲलन वुर्टझेल यांनी सूत्रे हाती घेतली. ते शिक्षणाने वकील होते. तोट्यातील शाखा त्यांनी एकेक करून काढून टाकल्या आणि १९७५ साली रिचमंडमध्ये सुमारे ४०,००० चौरस फुटांचे गोदामवजा दालन उघडले. त्याचे नाव होते 'वॉर्ड्‌स लोडिंग डॉक'. कंपनीच्या ताकदीच्या मानाने हा मोठाच जुगार होता. तो यशस्वी झाला. १९८४ मध्ये कंपनीने 'सर्किट सिटी' हे नाव धारण केले आणि त्याच वर्षी तिचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात दाखल झाले. १९८६ नंतर रिचर्ड शार्प यांच्या कारकिर्दीत ती देशभर पसरली. जिम कॉलिन्स यांनी २००१ साली 'गुड टू ग्रेट' हा व्यवस्थापनशास्त्रावरील गाजलेला ग्रंथ लिहिला. चांगल्याच्या महान झालेल्या ज्या अकरा कंपन्या त्यांनी निवडल्या, त्यांत सर्किट सिटीचा समावेश होता. १९८२ ते १९९७ या पंधरा वर्षांत तिच्या भागधारकांना मिळालेला परतावा बाजाराच्या सरासरीच्या साडेअठरा पट होता, असा कॉलिन्स यांचा हिशेब आहे.

या यशाच्या मुळाशी कमिशनवर काम करणारा विक्रेता होता. विक्री झाली तर त्याची कमाई होई, म्हणून तो मालाची माहिती मनापासून शिके. दोन संचांत शंभर डॉलरचा फरक का आहे, हे तो समजावून सांगू शके. गिऱ्हाइकाच्या खिशातून सल्ल्याचे मोल काढून ते सल्ला देणाऱ्याच्या हाती पोहोचवण्याची ही एक रीत होती. ती निर्दोष मात्र नव्हती. ज्याचे पोट विक्रीवर अवलंबून आहे त्याचा सल्ला नेहमीच निर्मळ राहतो असे नाही. वाढीव हमीचे करार गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधण्यासाठी विक्रेत्यांवर वरून दडपण येई, कारण नफ्याचा फार मोठा वाटा त्या करारांतून मिळत असे. दारात पाऊल टाकताच अंगावर धावून येणारा विक्रेता अनेकांना नकोसा वाटू लागला.

हा कंटाळा दुसऱ्या एका व्यापाऱ्याने अचूक हेरला. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे रिचर्ड शुल्झ यांनी १९६६ साली 'साउंड ऑफ म्युझिक' नावाचे ध्वनियंत्रांचे दुकान काढले होते. १९८१ मध्ये चक्रीवादळाने त्यांच्या एका शाखेचे छप्पर उडवले. बचावलेला माल त्यांनी वाहनतळावर मांडून स्वस्तात विकला आणि त्यासाठी लोटलेली गर्दी पाहून धंद्याचा नवा धडा घेतला. १९८३ मध्ये त्यांच्या दुकानांचे नाव 'बेस्ट बाय' झाले. १९८९ मध्ये त्यांनी कमिशनची पद्धत बंद केली, सारा माल उघड्यावर मांडला आणि गिऱ्हाइकाला मोकळेपणी हिंडू दिले. १९९०च्या दशकात बेस्ट बायने विक्रीत सर्किट सिटीला मागे टाकले.

अशा वेळी आपले बलस्थान कोणते, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा होता. सर्किट सिटीचे लक्ष मात्र भलतीकडे होते. जुन्या मोटारी विकणारी 'कारमॅक्स' ही तिची नवी कंपनी पुढे भरभराटीला आली, परंतु २००२ मध्ये ती वेगळी झाली. ठराविक तासांनंतर पुन्हा पैसे मागणाऱ्या 'डिव्हएक्स' चित्रतबकड्यांचा प्रयोग १९९८ मध्ये सुरू झाला आणि दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडवून १९९९ मध्ये बंद पडला. २००० साली कंपनीने शीतकपाटे आणि धुलाईयंत्रे विकणे सोडून दिले. वास्तविक या मालाच्या विक्रीत सीअर्सच्या खालोखाल तिचाच क्रमांक होता आणि घर बांधणारे कुटुंब त्यासाठीच दुकानात येत असे. पुढील काही वर्षांत सुमारे एक अब्ज डॉलर स्वतःचेच समभाग परत विकत घेण्यात खर्ची पडले. जुन्या, गैरसोयीच्या जागी असलेली दालने मात्र तशीच राहिली.

तथापि सर्वांत खोल जखम वेगळीच होती. फेब्रुवारी २००३ मध्ये कंपनीने कमिशनची पद्धत बंद केली आणि सुमारे ३,९०० विक्रेत्यांना कामावरून कमी केले. कमी झालेले बहुतेक जण भरघोस विक्री करणारे होते, कारण तेच अधिक कमावत होते. चार वर्षांनी, मार्च २००७ मध्ये, आणखी सुमारे ३,४०० कामगारांच्या हाती नारळ देण्यात आला. त्यांनी कोणतीही कुचराई केली नव्हती. बाजारातील दराहून त्यांचे वेतन अधिक आहे, एवढेच कारण देण्यात आले. त्यांच्या जागी कमी पगाराची माणसे घेतली जाणार होती. दहा आठवडे लोटल्यावर कमी दराने त्याच कामासाठी पुन्हा अर्ज करण्याची मुभा त्यांना होती.

वाचकहो, या निर्णयाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. हिशेबाच्या वहीत अनुभव हा खर्चाच्या रकान्यात लिहिला गेला. दहा वर्षांत मिळवलेली जाण आणि पहिल्या दिवशी अंगावर चढवलेला गणवेश यांत मालकाला काही अंतर दिसेनासे झाले. गिऱ्हाइकाला मात्र ते तत्काळ दिसले. प्रश्न विचारल्यावर खोक्यावर छापलेला मजकूरच वाचून दाखवणारा मुलगा समोर असेल, तर तो मजकूर घरबसल्या वाचता येतो. मग हमरस्त्यापर्यंत मोटार हाकत जायचे कशाला? त्या कपातीनंतरच्या पहिल्याच तिमाहीत कंपनीला पाच कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. सपाट पडद्याच्या संचांच्या किमती वॉलमार्टसारख्या दुकानांनी खाली खेचल्या होत्या, हेही त्याचे एक कारण होते. पण अशा किंमतयुद्धात ज्याच्यापाशी वेगळे काही देण्यासारखे आहे तोच तग धरतो, आणि ते वेगळे काही कंपनीने आपल्याच हातांनी दाराबाहेर घालवले होते.

२००८च्या आर्थिक अरिष्टात पुरवठादारांनी उधारी आवळली. १० नोव्हेंबर २००८ रोजी सर्किट सिटीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले. १६ जानेवारी २००९ रोजी उरलेली ५६७ दालने मोडीत काढण्याचे ठरले आणि ८ मार्च रोजी शेवटची दारे बंद झाली. तीस हजारांहून अधिक माणसे बेकार झाली. अखेरच्या आठवड्यांत माल संपल्यावर फळ्या, मांडण्या आणि खुर्च्यादेखील विकावयास काढल्या होत्या.

येथवर दोषाचे माप आपण मालकांच्या पदरात घातले. न्यायबुद्धीने पाहिले तर गिऱ्हाइकाचाही त्यात वाटा निघतो. दालनात जाऊन संच डोळे भरून पाहावा, विक्रेत्याला अर्धा तास प्रश्न विचारावेत आणि घरी येऊन तोच संच संगणकावरून चार पैसे स्वस्तात मागवावा, ही रीत अमेरिकेत रूढ झाली. तिला 'शोरूमिंग' असे नावही मिळाले. कायद्याचीही तिला साथ होती. ज्या राज्यात विक्रेत्याचे अस्तित्व नाही तेथील विक्रीकर त्याने गोळा करण्याचे बंधन नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली क्विल खटल्यात दिला होता. तो २०१८ मध्ये वेफेअर खटल्यात फिरवला गेला. मधल्या काळात दूरस्थ विक्रेत्याला अनेक ठिकाणी शेकडा सहा-सात टक्क्यांचा फायदा आयताच मिळत राहिला. सल्ला एकाचा, गल्ला दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होता.

त्यातच ज्या वस्तूंसाठी माणसे वारंवार दालनात येत त्या वस्तूच नाहीशा होऊ लागल्या. गाण्यांच्या तबकड्यांची जागा संगणकावरून उतरवलेल्या गाण्यांनी घेतली. जून २००७ मध्ये आयफोन बाजारात आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कॅमेरा, संगीतयंत्र, ध्वनिमुद्रक व नकाशे हे सारे एका खिशात मावू लागले. एकामागून एक दालने मिटत गेली. कॉम्प्यूएसएने २००७ मध्ये आवराआवर सुरू केली. एचएचग्रेग २०१७ मध्ये बंद पडले. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे १९८५ मध्ये सुरू झालेले 'फ्राईज' हे तंत्रज्ञांचे लाडके दुकान होते. त्याचे एक दालन माया संस्कृतीतील मंदिरासारखे सजवलेले होते, तर दुसऱ्याच्या दर्शनी भिंतीत जणू उडती तबकडी येऊन आदळली होती. २०१९ पासून त्याच्या फळ्या रित्या दिसू लागल्या आणि २४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याची सर्व ३१ दालने एकदम बंद झाली.

बेस्ट बाय मात्र टिकले, आणि ते का टिकले हे पाहणे उद्बोधक आहे. २०१२ साली ह्यूबर्ट जोली या फ्रेंच गृहस्थांनी त्याची धुरा घेतली, तेव्हा त्याचाही अंत जवळ आल्याचे जाणकार सांगत होते. जोली यांनी पहिले काही दिवस सेंट क्लाउड येथील शाखेत निळा सदरा घालून विक्रेत्यांच्या बरोबरीने काढले. कर्मचाऱ्यांची काढून घेतलेली सवलत त्यांनी परत दिली. संगणकावरील किमतीइतकीच किंमत दुकानातही आकारण्याचे २०१३ मध्ये कायमचे धोरण केले, त्यामुळे सल्ला ऐकून दुसरीकडे जाण्याचे कारण उरले नाही. सॅमसंगसारख्या उत्पादकांना दालनातच स्वतंत्र जागा देऊन त्यांच्याकडून त्याचा मोबदला घेतला. थोडक्यात, सल्ल्याचे मोल कोणी द्यायचे हा जुना प्रश्न त्यांनी टाळला नाही. त्याला नवे उत्तर शोधले. हे उत्तर चिरंतन आहे असे मात्र कोणी समजू नये. जोली गेल्यानंतर, २०२१च्या आरंभी, याच कंपनीने सुमारे ५,००० कर्मचारी कमी केले आणि त्यांतील बहुसंख्य पूर्णवेळ काम करणारे होते. मोह जुनाच आहे. तो पुन्हा पुन्हा येतो.

ॲलन वुर्टझेल यांनी २०१२ साली सर्किट सिटीच्या उदयास्तावर ग्रंथ लिहिला. पित्याने उभारलेल्या आणि स्वतः वाढवलेल्या संस्थेचा मृत्युलेख पुत्राला लिहावा लागला. कोणताही धंदा अमर नाही, दूरचित्रवाणी संच विकण्याच्या रीती बदलायच्याच होत्या, हे मान्य करूनही एक गोष्ट मागे उरते. रिचमंडच्या त्या न्हाव्याने केस कापता कापता एका अनोळखी माणसाला आपल्या गावाची माहिती दिली, आणि तिच्यातून साठ वर्षांचा संसार उभा राहिला. त्या माहितीचे पैसे त्याने मागितले नव्हते. जाणत्या माणसाचा शब्द असा अनेकदा फुकटच मिळतो, म्हणून तो फुकटाचा आहे असे मालकाला वाटू लागते आणि गिऱ्हाइकालाही वाटू लागते. दोघांनाही एकाच वेळी तसे वाटले, तेव्हा ५६७ दालनांतील दिवे मालवले गेले.