गालिबची पत, गालिबची नोकरी

हातातली नोकरी धरून ठेवावी की नवी पत्करावी, हा प्रश्न कुणालाही पडतो. पण डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला तो झोपू देत नाही. महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता उभा असतो आणि नव्या नोकरीचा भरवसा नसतो. हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो फार जुना आहे. उर्दूचा सर्वांत मोठा शायर मिर्झा गालिब याच प्रश्नापुढे आयुष्यात तीन वेळा उभा राहिला.

पहिला प्रसंग गझलेच्या मैफलींत नेहमी सांगितला जातो. १८४२ साली दिल्ली कॉलेजात फारसी शिकवायला चांगला अध्यापक हवा होता. सरकारचे सचिव जेम्स थॉमसन यांनी गालिबला बोलावणे धाडले. पगार महिना १०० रुपये. गालिब पालखीतून गेला, आत वर्दी दिली आणि साहेब सामोरे येतील म्हणून दारात थांबला. उशिराने साहेब बाहेर आले. म्हणाले, दरबारात याल तेव्हा रीतीप्रमाणे स्वागत होईल, आज तुम्ही नोकरीसाठी आला आहात. गालिब म्हणाला, सरकारी नोकरी करायची ती असलेला मान वाढावा म्हणून. वाडवडिलांचा मानही जाणार असेल तर मला माफ करा. आणि पालखी माघारी वळली. महंमद हुसेन आझाद आणि हाली या दोघांनीही हा किस्सा लिहून ठेवला आहे.

आपण टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो. मला मात्र इथे थोडा हिशोब मांडावासा वाटतो.

गालिबला काकांच्या जहागिरीपोटी वर्षाला ७५० रुपये पेन्शन होती. म्हणजे महिना साडेबासष्ट रुपये. आपल्या वाट्याचे पैसे कमी मिळतात या तक्रारीसाठी तो १८२६ मध्ये दिल्लीहून निघून थेट कलकत्त्याला गेला आणि तीन वर्षांनी परतला. दावा फेटाळला गेला, कर्ज मात्र वाढले. त्याच्या पत्रांत ४० हजारांहून अधिक कर्जाचा उल्लेख येतो. अशा माणसाला महिना १०० रुपये म्हणजे उत्पन्न अडीचपटीहून जास्त. मग त्याने ते केवळ अहंकारापोटी सोडले का?

याचे उत्तर सात वर्षे आधीच्या एका घटनेत आहे. १८३५ च्या सुमारास ५ हजार रुपयांच्या कर्जापोटी त्याच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा झाला. पैसे भरा, नाहीतर कैदेत जा. पण दिल्लीत एक रिवाज होता. प्रतिष्ठित माणूस घराबाहेर सापडला तरच त्याला धरायचे, घरात शिरायचे नाही. गालिब कित्येक महिने घराबाहेर पडला नाही. म्हणजे 'मिर्झा नौशा' हे नाव शोभेपुरते नव्हते. त्या नावामुळेच कोर्टाचा प्यादा उंबऱ्याबाहेर थांबत होता. मथुरादास, दरबारीमल यांच्यासारखे सावकार उधार देत, तेही त्याच नावावर.

मराठीत आपण याला 'पत' म्हणतो. पत म्हणजे अब्रू आणि पत म्हणजे बाजारात उधार मिळण्याची ऐपत. एकाच शब्दात दोन्ही अर्थ आहेत, आणि गालिबच्या आयुष्यातही ते वेगळे नव्हते. गव्हर्नरच्या दरबारात खुर्ची मिळणारा सरदार तोच साहेबाच्या दारात हात बांधून उभा राहिला, ही बातमी चांदणी चौकात पोचली असती तर १०० रुपये आले असते, पण सावकारांचे दरवाजे मिटू लागले असते. त्याने हे सगळे मोजूनमापून केले असे मी म्हणणार नाही. पण तो मान फुकाचा नव्हता, एवढे नक्की.

दुसरा प्रसंग १८५० चा. मधल्या काळात, १८४७ मध्ये, जुगाराच्या खटल्यात तुरुंगवास झाला होता आणि नावाला धक्का बसला होता. बहादुरशाह जफर यांनी त्याला किताब दिले आणि तैमूर घराण्याचा इतिहास फारसीत लिहायचे काम सोपवले. पगार वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिना ५०. आठ वर्षांपूर्वी नाकारलेल्या रकमेच्या निम्मा! पण या दारात मान होता, म्हणून त्याने तो स्वीकारला.

आणि मग पुढची अडचण समोर आली. पगार सहा महिन्यांतून एकदा मिळे. पोट सहा महिने थांबत नाही. दर महिन्याला व्याजाने पैसे काढायचे, पगार आला की सावकाराला द्यायचे. अखेर त्याने बादशहाकडे चक्क पद्यात अर्ज केला, की पगार दरमहा द्यावा, कारण त्यातला तिसरा हिस्सा सावकारच घेऊन जातो. म्हणजे कागदावरचे ५०, हातात येणारे तेहेतीस. एवढी व्यवहारी मागणी इतक्या खेळकर शब्दांत क्वचितच कुणी केली असेल.

१८५७ च्या उठावात दरबारच संपला. इंग्रजांनी पेन्शन बंद केली, ती १८६० मध्ये सुरू झाली. या तीन वर्षांत आधार दिला रामपूरच्या नवाबांनी. १८५९ पासून महिना १०० रुपये येऊ लागले. हा तिसरा प्रसंग. रामपूरला येऊन राहिलात तर २००, दिल्लीत राहिलात तर १००, असा मामला होता. गालिब रामपूरला जाऊन आला आणि १०० रुपयांवर दिल्लीतच राहिला. उजाड झाली तरी ती त्याची दिल्ली होती.

कर्ज फिटले का? नाही. एका पत्रात तो स्वतःकडे परक्यासारखे पाहतो: गालिबला आणखी एक जोडा बसला म्हणून हसतो, एका सावकाराचा हात त्याच्या गळपट्टीवर आहे, दुसरा शिव्या देतो आहे. १५ फेब्रुवारी १८६९ ला तो गेला, तेव्हाही देणेकरी होताच.

म्हणून गालिबचा कित्ता गिरवा, असे मी कुणाला सांगणार नाही. त्याच्या बेहिशोबी खर्चाचे ओझे बेगमेलाही वाहावे लागले. पण नव्या नोकरीचे पत्र हातात घेऊन बसलेल्या कर्जदाराने त्याच्या हिशोबातून एक गोष्ट जरूर घ्यावी. पगाराचा आकडा सगळे वाचतात. तो पगार कोणत्या तारखेला हातात येणार, आणि आज ज्या पतीवर घर चालले आहे ती नव्या दारात शिल्लक राहणार का, हे ज्याचे त्याने आधी विचारावे.