नंदीदुर्गाची हिवाळी धार

बंगळूरला बर्फ पडत नाही. शहराच्या नोंदींतील सर्वांत कमी तापमान ७.८ अंशांचे, तेही जानेवारी १८८४ मधले. तरीही पौषातल्या पहाटे, शहराच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर, नंदीच्या डोंगरावर उभे राहणाऱ्याला खालचा मुलूख पांढऱ्या थराखाली बुडालेला दिसतो. स्कंदगिरी आणि ब्रह्मगिरी यांचे माथे तेवढे वर डोकावतात. हे हिम नव्हे, धुके. उन्हे चढली की ते विरते आणि धारेवरचा तट उघडा पडतो. धुक्याचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मराठी वाचकाने या धारेवरून चालताना तटाकडे अधिक निरखून पाहावे, असे मला वाटते.

बंगळूर म्हटले की आपल्याला शहाजीराजे आठवतात. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर त्यांनी हे ठाणे केंपेगौडाकडून घेतले, आणि पुढे जवळजवळ अर्धशतक ते भोसल्यांच्या जहागिरीत राहिले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना दिले. आपली आठवण बहुधा येथेच थांबते. पण पुढच्या शतकात मराठे या मुलखात वारंवार आले, आणि ते जहागीरदार म्हणून नव्हे, तर स्वारीसाठी. तुमकूरच्या वाटेवरील निजगलच्या डोंगरी किल्ल्याला थोरल्या माधवरावांनी १७७० मध्ये वेढा घातला. त्यात त्यांचे धाकटे बंधू नारायणराव जखमी झाले. अखेरीस चित्रदुर्गाच्या पाळेगाराच्या माणसांनी तट चढून किल्ला घेतला. स्वारीचे यश सांगणाऱ्या आपल्या ग्रंथांतून या बेडर चढाईला सहसा एखादी ओळच मिळते.

नंदीची कथा १७९१ ची. मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या वेशीवरून परत फिरला, तेव्हा त्याचे बैल मेले होते, जड तोफा त्याने स्वतःच फोडल्या होत्या आणि फौज उपाशी होती. मेलकोट्याजवळ हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांचे लष्कर येऊन मिळाले. त्यांच्या बाजारातील धान्याने इंग्रजांना तारले. भाव मात्र चढे होते. श्रीरंगपट्टणावर पुन्हा जाण्याआधी पिछाडीचे डोंगरी किल्ले घेणे, आणि निजामाच्या मुलखाकडील वाट मोकळी ठेवणे, कॉर्नवॉलिसला भाग होते. म्हणून ही मोहीम.

नंदीदुर्ग पश्चिमेखेरीज सर्व बाजूंनी तुटलेला. हैदर आणि टिपू यांनी तो चिऱ्यांनी बांधून काढला होता. पश्चिमेच्या उतारावर वाट कोरून इंग्रजांनी तोफा वर ओढल्या आणि सुमारे तीन आठवड्यांनी तटाला दोन खिंडारे पाडली. १९ ऑक्टोबरच्या पहाटे, चंद्र उगवल्यावर, त्यांनी हल्ला केला. वरच्या शिबंदीने धोंडे लोटले. हल्लेखोरांच्या जखमा बहुतेक त्या धोंड्यांच्याच. दिवस उजाडेपर्यंत किल्ला पडला. या वेढ्यात मराठे प्रत्यक्ष नव्हते, पण त्यांच्या धान्याशिवाय इंग्रजांची फौज येथवर टिकली असती का, हा प्रश्न पुसता येत नाही.

त्याच वर्षी पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढारी व लमाणांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली. आश्चर्य हे की स्वामींनी मदतीसाठी टिपूला लिहिले, आणि त्याने मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी रोख रक्कम व धान्य पाठवण्याचे हुकूम दिले. ही कानडी पत्रे १९१६ मध्ये म्हैसूर पुरातत्त्व खात्याच्या आर. नरसिंहाचार यांनी उजेडात आणली. आपल्या बाजूचे कागद वासुदेवशास्त्री खरे यांनी छापलेल्या पटवर्धन दप्तरात आहेत, आणि दोष लमाणांवर टाकण्याची त्यांतील धडपड लपत नाही. दोन्ही कागद एकाच मेजावर ठेवून वाचणारे मराठी अभ्यासक अजून थोडेच आहेत.