पाच टक्क्यांच्या भाज्या, वीस टक्क्यांच्या भाज्या

आपल्या गटाच्या बैठकीत हल्ली हप्त्यांच्या हिशोबाइतकीच चर्चा शुगरची होते. कुणी म्हणतं, "मी भात-भाकरी कमी केली, आता भाजीवरच भर." पण ताई, भाजी म्हणजे कोणती? मेथीही भाजी आणि बटाटाही भाजीच. पिष्टमय पदार्थ मात्र दोन्हींत सारखे नसतात. पोटात गेल्यावर या पदार्थांची साखर होते, म्हणून भाजी निवडून घ्यावी लागते. ही निवड शंभर वर्षांपूर्वी लोकांनी जीव वाचवण्यासाठी केली. आज त्याचीच गोष्ट.

मधुमेह आपल्याला नवा नाही. लघवी मधासारखी गोड होते, हे सुश्रुतसंहितेत नोंदलेलं आहे. पण औषध कुठेच नव्हतं. विशेषतः लहान मुलांना हा आजार झाला, की आई-वडिलांच्या हातात फारसं काही उरत नसे.

१९१० नंतरच्या दशकात अमेरिकेत दोन डॉक्टर यावर काम करत होते, न्यूयॉर्कचे फ्रेडरिक ॲलन आणि बोस्टनचे इलियट जोस्लिन. शरीराला साखर पेलवत नाही, तर साखर होणारं अन्नच कमी करायचं, हा त्यांचा मार्ग. जोस्लिन यांनी भाज्यांचे गट पाडले. १०० ग्रॅम भाजीत पिष्टमय पदार्थ साधारण किती, त्यावरून ५, १०, १५ आणि २० टक्के असे चार गट. पाचच्या गटात पालक, काकडी, कोबी, फ्लॉवर, वांगी, टोमॅटो, मुळा. दहाच्या गटात कांदा, गाजर, बीट. पंधरात मटार. आणि विसाच्या गटात बटाटा नि मक्याचं ओलं कणीस. जोस्लिन यांनी १९१८ साली रुग्णांसाठी पुस्तकही काढलं. घरच्या माणसांना हे समजलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

पण आजार जास्त असेल, तर पाचच्या गटातली भाजीसुद्धा जड जायची. मग ती तीनदा उकळायची आणि दर वेळी पाणी फेकून द्यायचं. उरलेल्या चोथ्याने पोट भरल्यासारखं वाटे, एवढंच. एलिझाबेथ ह्यूज ही ॲलन यांच्याकडची मुलगी. वडील पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले, घरात कशाची कमी नव्हती. तरी १९२२ च्या ऑगस्टमध्ये, पंधरावं वर्ष पूर्ण व्हायला आलं असताना, तिचं वजन जेमतेम २० किलो होतं. उपासमारीनेच तिला जगवलं होतं आणि उपासमारच तिला संपवत होती. आदल्या वर्षी कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं होतं. ते तिला मिळालं आणि ती वाचली. पुढे लग्न झालं, मुलंबाळं झाली, १९८१ पर्यंत जगली.

इन्सुलिन आलं आणि भाजी तीनदा उकळणं संपलं. गट पाडण्याची रीत मात्र आजही उपयोगी आहे. आपल्या बाजाराकडे त्याच नजरेने बघू. मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत, तांदूळजा, दुधी, दोडका, पडवळ, कारलं, वांगी यांत पिष्टमय पदार्थ कमी. यांतल्या कितीतरी परसात येतात, विकत घ्याव्याही लागत नाहीत. कांदा, गाजर, बीट मधले, ते बेताने. बटाटा, रताळं, सुरण, अळकुड्या, मका यांत जास्त. बटाट्याची भाजी ताटात घेतली, तर तेवढी चपाती किंवा भात कमी करायचा, कारण हिशोब एकच आहे.

आणखी एक गंमत बघा. बटाटा, रताळं आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. आज हेच तिन्ही आपल्या उपवासाच्या ताटात असतात. कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅममागे ८५ ग्रॅमहून जास्त पिष्टमय पदार्थ असतात. म्हणजे ज्या दिवशी आपण "आज काही खाल्लं नाही" म्हणतो, त्याच दिवशी साखर वाढू शकते. उपवास करायचाच असेल तर काकडी, दही, लाल भोपळा, मूठभर शेंगदाणे यांना जागा द्या.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. भाजी एकदाच शिजवा, पाणी फेकू नका. त्यात जीवनसत्त्वं असतात. आणि गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाकरी-भात एकदम बंद करू नका. साखर फार खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. आधी डॉक्टरांना विचारा, औषध मनाने थांबवू नका. एलिझाबेथच्या काळी उपाशी राहण्यावाचून इलाज नव्हता. आपल्याकडे औषध आहे आणि परसात भाजीही आहे. तेव्हा उपाशी राहू नका, निवडून खा.