हॉक माउंटन अभयारण्य

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी डोंगररांगेवर असलेले शिकारी पक्ष्यांचे अभयारण्य. शरद ऋतूतील स्थलांतर पाहण्याचे नामांकित ठिकाण. वायव्येचा वारा डोंगराला अडून वर चढतो आणि त्यावर तोललेले पक्षी जवळपास पंख न हलवता दक्षिणेकडे सरकतात. सप्टेंबरच्या मध्यावर ब्रॉड-विंग्ड हॉकचे थवे उष्ण हवेच्या झोतात घिरट्या घेत उंच जातात. सोनेरी गरुड पाहायचा तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला.

याच कड्यांवर एकेकाळी शिकारी पक्ष्यांची कत्तल चाले. गॉसहॉक मारणाऱ्यास राज्याकडून ५ डॉलर मिळत. बंदूकवाले मात्र दिसेल तो पक्षी पाडत.

निसर्गसंरक्षक कार्यकर्त्या रोझली एज यांनी १९३४ मध्ये ही जागा भाडेपट्ट्याने घेऊन हे थांबवले. त्यांनी नेमलेले रक्षक मॉरिस ब्राउन कड्यावर बसून पक्षी मोजू लागले, तर पत्नी इर्मा प्रवेशद्वार सांभाळत. रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या पुस्तकात कीटकनाशकांचे दुष्परिणाम मांडताना, अल्पवयीन बॉल्ड ईगल कमी झाल्याचा पुरावा म्हणून ब्राउन यांच्याच नोंदी वापरल्या. आजही ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ‘नॉर्थ लुकआउट’वरून ही गणना चालते.