द्रव-स्फटिकी स्मार्ट खिडकी : निर्मितिदोष-प्रतिबंध

विजेने दुधी वा पारदर्शक होणाऱ्या काचेच्या उत्पादनातील दोष टाळण्याची पद्धती. बहुवारिकात विखुरलेल्या द्रव स्फटिकांवर (→ द्रव स्फटिक) आधारित हे तंत्र 1980 च्या दशकात अमेरिकेत विकसित झाले. दोन संवाहक पटलांमधील द्रव स्फटिक व बहुवारिक यांच्या मिश्रणाच्या थराची जाडी सामान्यतः सु. 20 मायक्रोमीटर असते. त्यात धूलिकण अडकल्यास शॉर्ट सर्किट होऊ शकते. हवेच्या बुडबुड्यांचे डाग दिसतात. म्हणून धूळमुक्त कक्षात काम करतात, मिश्रणातील हवा निर्वातात काढतात आणि सूक्ष्म गोलक मिसळून जाडी सारखी राखतात. थर घट्ट करणाऱ्या जंबुपार किरणांची (→ जंबुपार प्रारण) तीव्रता व तापमान विषम असल्यास द्रव स्फटिकाच्या थेंबांचे आकारमान बदलून दुधीपणा असमान होतो. बंदिस्त कडांमुळे आर्द्रता आत शिरत नाही. काचांमध्ये चिकटविलेले पटल सहसा दुरुस्त करता येत नसल्याने त्याची विद्युत् व प्रकाशीय तपासणी आधीच करतात.