किंग ज्युलियन

राजा ज्युलियन तेरावा, अर्थात किंग ज्युलियन, हे ड्रीमवर्क्स ॲनिमेशन निर्मित 'मादागास्कर' या चित्रपटमालिकेतील एक काल्पनिक पात्र आहे. हा वलयांकित शेपटीचा लेमूर (शास्त्रीय नाव: लेमूर कॅटा) असून मादागास्कर बेटावरील लेमूरांचा स्वयंघोषित थाटाचा राजा आहे. त्याला पुष्कळदा 'माकडांचा राजा' म्हटले जाते. मात्र लेमूर हे माकड नव्हे.

पात्र

एरिक डार्नेल व टॉम मॅकग्रा दिग्दर्शित पहिला चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला. त्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातील चार प्राणी मादागास्करच्या किनाऱ्याला लागतात. फोसा या शिकारी प्राण्यांपासून प्रजेचे रक्षण व्हावे म्हणून ज्युलियन त्यांतील ॲलेक्स नावाच्या सिंहाशी मैत्री करण्याचा बेत आखतो. पानांचा मुकुट, त्यावर बसलेली पाल, नाचाचे वेड आणि अमर्याद आत्मप्रौढी ही त्याची ओळख होय. मॉरिस (आय-आय) हा त्याचा सल्लागार, तर मॉर्ट (मूषक लेमूर) हा त्याच्या पायांचा भक्त आहे. मुख्य तीन चित्रपटांत त्याला साशा बॅरन कोहेन यांनी, तर दूरचित्रवाणी मालिकांत प्रामुख्याने डॅनी जेकब्स यांनी आवाज दिला. २०१४ साली सुरू झालेल्या 'ऑल हेल किंग ज्युलियन' या मालिकेत त्याच्या राज्यारोहणाची पूर्वकथा आहे.

वास्तवाशी तुलना

लेमूरांच्या या जातीत राजा नसतो. कळपात माद्यांचे वर्चस्व असते. अन्नावर पहिला हक्क त्यांचा असून थोराड नरही मादीपुढे माघार घेतो. ॲलिसन जॉली यांनी १९६० च्या दशकात दक्षिण मादागास्करमधील बेरेंटी येथे केलेल्या निरीक्षणांमुळे ही बाब प्रकर्षाने पुढे आली. त्यामुळे ज्युलियनऐवजी राणी दाखवणे वस्तुस्थितीला अधिक धरून झाले असते. नरांची आपापसांतील भांडणे मात्र चित्रपटाइतकीच नाटकी असतात: मनगटांजवळील ग्रंथींचा स्राव शेपटीला चोळून ते ती प्रतिस्पर्ध्यासमोर हलवतात आणि दुर्गंधानेच त्याला हटवू पाहतात. सकाळी पोट उन्हाकडे करून, हात पसरून बसण्याची त्यांची सवयही प्रसिद्ध आहे. चित्रपटातील फोसा टोळीने हल्ला करतात. प्रत्यक्षात हा प्राणी बहुधा एकट्याने शिकार करतो.

लेमूर आणि माकड

दोघेही नरवानर गणातील असले, तरी त्यांच्या शाखा फार पूर्वी विभक्त झाल्या. लेमूर स्ट्रेप्सिऱ्हिनी या उपगणात, तर माकडे, कपी व मानव हॅप्लोऱ्हिनी उपगणात मोडतात. फरक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे नाक: लेमूराचे नाक कुत्र्यासारखे ओलसर असते, माकडाचे कोरडे. लेमूराच्या जीवनात गंधाला मोठे स्थान आहे. माकडे दृष्टीवर अधिक अवलंबून असतात. बहुतेक लेमूरांचे खालचे पुढचे दात आडवे झुकून कंगव्यासारखे बनलेले असतात व ते केस विंचरण्यास उपयोगी पडतात. पायाच्या दुसऱ्या बोटावर नखाऐवजी नखर असतो. शरीराच्या मानाने मेंदूही माकडापेक्षा लहान असतो. शेपटी लांब असली तरी तिने फांदी पकडता येत नाही. अर्थात हे आशिया-आफ्रिकेतील माकडांनाही जमत नाही, दक्षिण व मध्य अमेरिकेतील काहींनाच जमते.

मादागास्करमध्ये स्थानिक माकडे नाहीतच. लेमूरांचे पूर्वज आफ्रिकेतून वाहत्या झाडोऱ्यावर तरंगत बेटावर पोहोचले असावेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भूखंड सरकतात हे मान्य होण्यापूर्वी, १८६४ साली, फिलिप स्क्लेटर यांनी मादागास्कर व भारत यांना जोडणारा 'लेमुरिया' हा बुडालेला भूभाग कल्पिला होता. भारतात लेमूर आढळत नाहीत. त्यांचा येथील जवळचा आप्त म्हणजे दक्षिण भारतातील जंगलांत राहणारा निशाचर लोरिस.

संवर्धन

पडद्यावरील लोकप्रियतेच्या तुलनेत खऱ्या लेमूरांची स्थिती बिकट आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०२० च्या मूल्यांकनानुसार १०७ पैकी १०३ जाती धोक्यात असून ३३ जाती अतिसंकटग्रस्त आहेत. ज्युलियनची जात संकटग्रस्त वर्गात येते. शेतीसाठी जाळली जाणारी वने, कोळशासाठीची वृक्षतोड, शिकार आणि पाळण्यासाठी होणारी पकड ही यामागील प्रमुख कारणे आहेत. मॉरिसच्या जातीवर आणखी एक संकट आहे: आय-आय अपशकुनी असल्याच्या समजुतीने तो काही भागांत दिसताच मारला जातो.